नागपूरच्या महाल भागातील गोंडचित्रे व ढोकरा वस्तूंचे दुकान : खरेदीचा सविस्तर अनुभव

गेल्या वर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनानिमित्त, आमच्या शाळेत भरवलेल्या प्रदर्शनात माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीमुळेच मी या दुकानापर्यंत पोहोचलो. इंटरनेटवरून मागवलेली पितळी रंगाची एक मूर्ती, मोठाल्या डोळ्यांची आणि डोक्यावर शिंगे असलेली, मी टेबलाच्या मधोमध ठेवली होती आणि तिच्यापुढे पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत ‘गोंडांचा देव : बडादेव’ असे लिहिले होते. विक्रेत्याने तसे लिहून पाठवले होते आणि मी ते तपासून पाहिले नव्हते. सातवीतल्या एका मुलीचे आजोबा रामटेकच्या बाजूच्या गावाहून आले होते. ते त्या टेबलासमोर बराच वेळ उभे राहिले, पुठ्ठा वाचला आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “गुरुजी, हा आमचा देव नाही जी. आमच्या देवाले तोंडच नसते.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला ते अधिक लागले. पुठ्ठा मी लगेच काढला. परंतु तोपर्यंत निम्म्या शाळेने तो वाचला होता.

यंदा ठरवले, की जो माणूस वस्तूविषयी दोन शब्द खात्रीने सांगू शकेल त्याच्याकडूनच ती घ्यायची. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी महालातल्या या दुकानाचा पत्ता दिला. दुकानावर पाटी नाही. गांधी गेटातून आत शिरल्यावर एका अरुंद गल्लीत, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाला लागून असलेली ही जेमतेम दहा बाय बाराची खोली आहे. गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने इथे राजधानी आणून शहराला कोट बांधला, त्या कोटाची ही वेस होय. आज आपण ज्याला शुक्रवारी तलाव म्हणतो तो जुम्मा तलावही त्याच काळातला. रोज या दरवाजाखालून हजारो गाड्या जातात आणि शहर कोणी वसवले हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते, याची मला इतिहासाचा शिक्षक म्हणून नेहमी खंत वाटते. गोंडांच्या परंपरेशी नाते असलेल्या वस्तूंचे दुकान गोंडराजाच्या वेशीच्या आत असावे, याचे म्हणूनच मला मनापासून समाधान वाटले.

दुकान चालवणाऱ्या ताई पन्नाशीच्या आहेत, स्वतः गोंड आहेत आणि मूळच्या गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा भागातल्या. “जय सेवा” म्हणून त्या स्वागत करतात. पहिल्याच भेटीत मी त्यांच्याकडे बडादेवाची मूर्ती मागितली. आजोबांचे बोलणे मला आठवत होते, तरी मनात कुठेतरी असे होते, की ती मूर्ती चुकीची असली तरी खरी मूर्ती कुठेतरी असणारच. ताईंनी हातातली चिंधी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “देव काही विकाले नसते जी, सर. अन् मूर्ती तर नसतेच.” मग त्यांनी मला स्टुलावर बसवले आणि अर्धा तास जे सांगितले, त्यासाठीच हा अभिप्राय लिहावा असे मला वाटले.

बडादेव, पेरसापेन, फडापेन ही एकाच परमशक्तीची प्रदेशपरत्वे वापरली जाणारी नावे आहेत. ‘पेन’ म्हणजे देव आणि ‘पेरसा’ म्हणजे मोठा. त्याचे ठाणे ऐनाच्या झाडाखाली असते. हिंदी भाषक प्रदेशात याच झाडाला साजा म्हणतात. गोंडी धर्माचा, म्हणजे कोया पुनेमचा, विचार मांडणारे अभ्यासक फडापेनाचे वर्णन सल्ला आणि गांगरा या दोन परस्परपूरक तत्त्वांच्या रूपाने करतात आणि साऱ्या सृष्टीची उत्पत्ती त्यांच्या मिलनातून झाली असे मानतात. तेलंगणातल्या आदिलाबादकडील राजगोंडांमध्ये प्रत्येक कुळाच्या पेनाच्या खुणा असतात. त्या म्हणजे लोखंडी भाल्याचे पाते आणि चवरी. त्या घरात किंवा देवळात मांडून ठेवत नाहीत. त्या गावाबाहेर लपवून ठेवलेल्या असतात, कुळाचा पुजारी म्हणजे कटोडा त्यांची राखण करतो आणि वर्षातल्या ठरलेल्या दिवशी कुळातली माणसे जमली की त्या बाहेर काढल्या जातात. एरवी त्या कोणाच्या दृष्टीस पडाव्यात अशी अपेक्षाच नसते. गावागणिक रीत बदलते, कुठे लाकडाची खूण असते, कुठे दगडाची, हे ताईंनी आवर्जून सांगितले. परंतु शोकेसमध्ये ठेवावा आणि किंमत लावावी असा देव त्यांच्या माहितीतल्या कुठल्याच गावात नाही. ज्या गोष्टीचे मोल कुळाच्या एकत्र येण्यात आहे, ती एकट्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत कशी जाईल, असे त्यांचे साधे म्हणणे होते. मी गेली अठ्ठावीस वर्षे इतिहास शिकवतो आहे आणि या प्रश्नाकडे या बाजूने मी कधी पाहिले नव्हते.

मूर्ती मिळाली नाही. त्याऐवजी मी एक चित्र घेतले. त्याची किंमत ३,२०० रुपये पडली आणि ती योग्य होती. हातकागदावर ॲक्रिलिक रंगात काढलेले ऐनाचे झाड आहे. लांबून पाहिले तर झाडाचा आकार तेवढा दिसतो; जवळ गेले की खोडावर माशाच्या खवल्यांसारख्या बारीक रेघांच्या ओळी दिसू लागतात, आणि एकेका ओळीत रेघ किंचित तिरकी होत जाऊन खोडाला पीळ पडल्यासारखा भास होतो. फांद्या वरच्या टोकाला सांबराच्या शिंगांसारख्या फुटल्या आहेत. बुंध्याशी एक माणूस बसला आहे, त्याच्या मांडीवर तीन तारांचे वाद्य आहे आणि त्याचा गज झाडाच्या मुळाला टेकला आहे. तो टेकलेला गज मला आधी चित्रकाराची नजरचूक वाटला होता. तो तसाच हवा, हे ताईंनी सांगितलेल्या कथेवरून कळले. मध्य प्रदेशातल्या मंडल्याकडच्या परधानांमध्ये अशी कथा आहे, की गोंड भावांना बडादेवाने दर्शन दिले तेव्हा ते भ्याले आणि देव साजाच्या झाडात निघून गेला. मग सर्वांत धाकट्याने लाकूड कोरून बाना हे वाद्य केले, झाडाखाली बसून ते वाजवले आणि देव प्रसन्न झाला. त्या धाकट्याचे वंशज ते परधान. बाना वाजवून यजमान गोंडांच्या कुळाची आणि देवाची गाथा गाणे हे त्यांचे परंपरेने चालत आलेले काम. वाद्य वाजल्याशिवाय देव जागा होत नाही, म्हणून चित्रात गज मुळापर्यंत पोहोचला आहे.

दुकानाच्या बाजूने एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. चित्राच्या मागे चित्रकाराचे नाव, त्याचे गाव आणि काढल्याचे वर्ष लिहिलेले होते, आणि ताईंनी हे चित्र ‘हजारो वर्षे जुन्या कलेचे’ आहे असे सांगून विकले नाही. मातीच्या भिंतींवर ‘डिगना’ ही नक्षी काढण्याची रीत जुनी आहे, परंतु कागदावरचे गोंडचित्र ही अलीकडची गोष्ट आहे. मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढच्या जनगढसिंह श्याम या परधान तरुणाला १९८१ मध्ये चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या चमूने हेरले आणि तो भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आला, तिथून ही परंपरा वाढली. जनगढ २००१ मध्ये जपानमध्ये वारले. जे देव आजवर फक्त गाण्यात होते त्यांना त्यांनी रेषेत आणले. यजमानांकडून मिळणारी बिदागी आटत गेल्यावर परधानांच्या पुढच्या पिढीला या चित्रांनी पोट दिले, आणि गाथाही एका वेगळ्या रूपात टिकली. चित्र घ्यायचे असेल तर मागची नोंद पाहूनच घ्यावे, असा माझा आग्रही सल्ला आहे.

ढोकऱ्याच्या वस्तूंबाबत अनुभव थोडा संमिश्र आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या गुंडाळून नक्षी करायची, वरून मातीचे लेप द्यायचे, भट्टीत मेण वितळून वाहून गेले की त्या पोकळीत वितळलेले पितळ ओतायचे आणि शेवटी साचा फोडून वस्तू बाहेर काढायची, अशी ही रीत असल्याने एका साच्यातून एकच वस्तू निघते. दोन हत्ती शेजारी ठेवून अगदी तंतोतंत सारखे दिसले, किंवा पोटाखालून सांध्याची सरळ रेघ गेलेली दिसली, तर ते यंत्रावरचे काम समजावे. माझी गेल्या वर्षीची मूर्ती तशीच होती, हे आता रेघ पाहून कळले. इथे मी किंगरी हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या पुरुषाची वीतभर उंचीची प्रतिमा १,८५० रुपयांना घेतली. घरी येऊन पाहतो तो हातातला गज मुळाशी चिरलेला होता आणि स्पर्श करताच निघून आला. ताईंनी वस्तू बदलून देण्याचे लगेच मान्य केले, परंतु त्यासाठी मला चोवीस दिवस वाट पाहावी लागली आणि मधल्या काळात दोनदा खेप पडली. माल बस्तरहून घडवा कारागिरांकडून येतो, खेप भरल्याशिवाय निघत नाही, हे कारण खरे असले तरी गिऱ्हाइकाला तसे आधी सांगायला हवे. बांधणीही कच्ची आहे. वर्तमानपत्राच्या दोन घड्या आणि सुतळी एवढ्यावर नाजूक पितळी काम सोपवू नये.

दुकानाबद्दल माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. प्रत्येक खरेदीबरोबर एक छापील पत्रक देतात. ते ताईंनी लिहिलेले नाही, कोणाकडून तरी लिहून घेतलेले आहे, आणि ताईंच्या तोंडून ऐकलेल्या माहितीच्या पासंगालाही ते पुरत नाही. त्यात गोंडांना सरसकट ‘निसर्गपूजक’ म्हटले आहे. हा शब्द आम्ही शिक्षकही सर्रास वापरतो आणि आदराने वापरतो. परंतु त्याने अर्थ फार आकसतो. निसर्गपूजक म्हटले की झाडाला, डोंगराला नमस्कार करून घरी येणारी साधी माणसे डोळ्यांसमोर येतात. गोंडांच्या श्रद्धेत ऐनाचे झाड पूज्य आहे ते पेनाचे ठाणे म्हणून. आणि त्या पेनाशी कुळाचे जे नाते आहे त्यातून लग्न कोणाशी करायचे, अंत्यविधीला कोण काय करणार, मेलेला माणूस पूर्वजांच्या पंगतीत कसा जाणार, हे सगळे ठरते. विदर्भातल्या गोंडांत चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे असे गट आहेत, आणि एकाच गटातली मुलेमुली भाऊबहीण मानली जातात, त्यांच्यात सोयरीक होत नाही. प्रत्येक कुळाने एक प्राणी, एक पक्षी आणि एक वनस्पती राखायची, अशी कुळे ७५० आहेत, असे गोंड मंडळी सांगतात. नागपुरात मोटारसायकलींवर ‘७५०’ हा आकडा लिहिलेला दिसतो तो याच अर्थाने. आपल्या कुळाचे झाड तोडायचे नाही आणि आपल्या कुळाचा प्राणी मारायचा नाही, ही मर्यादा प्रत्येकाने पाळली, तर जंगलातले काय काय राखले जाते याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. इतकी बांधीव व्यवस्था एका ‘निसर्गपूजक’ शब्दात कोंबणे हा तिच्यावर अन्याय आहे.

पत्रकातली दुसरी गोष्ट मला याहून अधिक खटकली. कचारगडच्या कथेतला शंभू म्हणजे शंकरच, असे त्यात एका ओळीत ठोकून दिले आहे. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेची कथा कोया पुनेमच्या परंपरेत अशी सांगतात : काली कंकालीच्या तेहतीस दंगेखोर मुलांना शंभूने गुहेत कोंडले आणि तोंडाशी प्रचंड शिळा लावली. जंगो रायताडने त्यांची काळजी वाहिली, पारी कुपार लिंगोने त्यांच्या सुटकेचा मार्ग काढला, आणि हिरासुका पाटालीरने गुहेबाहेर किंगरी अशी वाजवली की आतल्या मुलांच्या अंगात बळ संचारले आणि त्यांनी शिळा लोटली. मुले सुटली, परंतु शिळेखाली हिरासुका चिरडला गेला. पुढे लिंगोने त्याच मुलांना पुनेमची शिकवण दिली आणि त्यांची गटवार विभागणी केली. ही कथा ऐकल्यानंतर माझ्या टेबलावरची ती किंगरीवाल्याची प्रतिमा मला शोभेची वस्तू म्हणून पाहता येईना.

याच लिंगोची गाथा नागपुरात १८४५ पासून राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाकडून उतरवून घेतली होती. १८६३ मध्ये ते बुडून वारल्यावर रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे १८६६ मध्ये छापली. त्या पाठात गोंडांना गुहेत कोंडणारा महादेव आहे. म्हणजे नावांची सरमिसळ दीडशे वर्षांपूर्वीही होती हे खरे. परंतु ती सरमिसळ गाणाऱ्याची, त्याच्या आश्रयदात्याची, लिहून घेणाऱ्याची की छापणाऱ्याची, हा अभ्यासाचा विषय आहे आणि गोंड समाजातले अभ्यासक त्यावर स्वतंत्रपणे लिहीत आले आहेत. नागपूरचेच डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून गोंडी भाषा आणि पुनेम यांवर आयुष्यभर काम केले आणि शंभू ही गोंडी परंपरेतली स्वतंत्र पदवी आहे अशी मांडणी केली. ताईंच्या घरात पोळाही होतो आणि दिवाळीही होते, त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. तरी लिंगोला कोणाचा अवतार म्हटलेले त्यांना चालत नाही. कोणाला काय मानायचे हे ज्याच्या त्याच्या कुळाने ठरवावे. विक्रीच्या पत्रकाने ते एका ओळीत ठरवू नये.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. इंग्रजी अमदानीतल्या जनगणनांत आदिवासींच्या धर्मासाठी वेगळे सदर असे. १९५१ पासून ते गेले. २०११ मध्ये ‘इतर धर्म’ या रकान्यात सुमारे ७९ लाख लोकांची नोंद झाली आणि त्यांत दहा लाखांहून अधिक माणसांनी गोंड किंवा गोंडी असे लिहून दिले. ज्यांना स्वतःच्या श्रद्धेचे नाव ‘इतर’मध्ये शोधावे लागते, त्यांच्याविषयी लिहिताना आपण शिक्षकांनी आणि दुकानदारांनी नेमका शब्द वापरण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत. मी हे सगळे ताईंना बोलून दाखवले. त्यांनी पत्रकाचा गठ्ठा पुढे केला आणि म्हणाल्या, “मंग तुमीच लिहून द्या ना जी, सर. पन मी वाचीन, मंगच छापू.” मी लिहून दिले. त्यांनी त्यातली दोन वाक्ये खोडली, एके ठिकाणी मी ‘गोंड समाज मानतो’ लिहिले होते तिथे ‘आमच्याकडचे गोंड मानतात’ असे केले. ती दुरुस्ती माझ्या साऱ्या मजकुरापेक्षा मोलाची होती.

दुकानात काय नाही, हेही सांगतो. गडचिरोलीच्या माडियांकडचे काही नाही, मेळघाटातल्या कोरकूंकडचेही नाही. कोरकूंमध्ये मृताच्या नावाने सागवानी फळी कोरून गावाबाहेर रोवतात. तिला मुंडा म्हणतात आणि तिच्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरलेले असतात. अशी एक जुनी फळी मी शहरातल्या एका दिवाणखान्यात, दिव्याच्या झोतात, भिंतीला टेकवून ठेवलेली पाहिली आहे. तशी फळी मिळेल का, असे आदल्याच आठवड्यात कोणी विचारून गेल्याचे ताईंनी सांगितले. त्यांनी त्या गिऱ्हाइकाला परत पाठवले, कारण ती कोणाच्या तरी आजोबांची खूण आहे आणि तिथे रोवण्यासाठी केलेली आहे. नवी, विकण्यासाठीच कोरलेली फळी असती तर त्यांनी ती ठेवली असती. हा फरक दुकानदाराला कळणे ही माझ्या मते इथून खरेदी करण्यासाठी पुरेशी गोष्ट आहे.

बाकी सोयी बेताच्या आहेत. गाडी लावायला जागा नाही, ती गेटाबाहेर लावून चालत यावे. मोबाइलवरून पैसे देता येतात, मागितल्यास हाताने लिहिलेले बिल मिळते. मुले दहापेक्षा जास्त आणू नयेत, आत उभे राहायलाच जागा नाही. चित्रे पहिल्या भेटीत घ्यावीत, पितळी वस्तू मात्र दुकानातच हातात घेऊन, सगळे जोड दाबून पाहून मगच बांधायला द्याव्यात.

यंदाच्या प्रदर्शनासाठी मी चित्र, किंगरीवाला आणि नवे पत्रक एवढेच ठेवणार आहे. ऐनाची एक फांदीही ठेवावी असे मनात होते; ताईंनी झाड तोडू नका म्हणून बजावले, तेव्हा खाली गळालेली पाने मुलांकडून वेचून घेणार आहोत. त्या आजोबांना निरोप धाडला आहे. माघ पौर्णिमेच्या आगेमागे काही दिवस दुकान बंद असते, कारण ताईंचे सगळे घर कचारगडच्या यात्रेला जाते. त्या दिवसांत खेप घालू नये आणि फोनही करू नये.